आर्तांक

फोन वाजला तेव्हा जोतिराम सुताराच्या हातात पटाशी होती आणि समोरच्या बाकावर पंपाच्या बॉडीचा सागवानी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, अर्धवट कोरलेला पडला होता. त्याने पटाशी खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि फोन कानाला लावण्यापूर्वी शटरबाहेर एकदा पाहून घेतले. गेले तीन आठवडे हा फोन तो असाच घेत होता, चोरून.

"नमस्कार, सुतारकाका. केतकी बोलते, सुलभसेतूमधून. जेवण झालं?"

"व्हायचंय अजून."

"मग आधी जेवून घ्या बघू. फाइल काही पळून जात नाही." ती किंचित थांबली. "बातमी चांगली आहे, काका. चौदा लाख मंजूर झाले. यादीत तुमचं नाव मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

जोतिराम स्टुलावर बसला. 

"आता एकच पायरी राहिली. पहिल्या हप्त्यांची रक्कम आगाऊ जमा झालेली दिसली पाहिजे. अडतीस हजार. कर्जासोबत ती तुमच्याच खात्यात परत येते. उद्या पाचच्या आत."

"बाई, मागल्या खेपेलाही तुम्ही शेवटचीच पायरी म्हणाला होता."

"म्हणाले होते. मलाच लाज वाटते आहे. काल वरच्या साहेबांशी भांडले मी तुमच्यासाठी. म्हटलं, हा माणूस तीस वर्षं हाताने काम करतो आहे, त्याला असं ताटकळत ठेवू नका." तिचा आवाज बसका झाला होता, थकलेला, थेट जोतिरामच्या आवाजासारखा. "पण नको वाटत असेल तर राहू द्या. मी फाइल बंद करते."

"बंद नका करू," जोतिराम घाईने म्हणाला. "बघतो मी. उद्या पाचच्या आत म्हणालात ना?"

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ त्या अर्धवट पॅटर्नकडे पाहत राहिला. फाइलसाठी साडेचार हजार, विम्यासाठी बारा हजार, हमीपत्रासाठी एकवीस हजार असे तीनदा पैसे त्याने भरले होते आणि तिन्ही वेळा ते कंपनीच्या नव्हे, कुणा निराळ्याच माणसाच्या खात्यात गेले होते. हे त्याला खटकले नव्हते असे नाही. तरी तो भरत गेला आणि त्यामागे त्याच्या धंद्याची एक जुनी रीत होती. उद्यमनगरात ओतकामाचे गिऱ्हाईक आले की पहिल्यांदा पॅटर्नचे पैसे मोजते. लोखंडाचा थेंबही ओतलेला नसतो, तरी मोजते. जोतिरामने उभ्या आयुष्यात आगाऊ पैसे घेतल्याशिवाय लाकडाला हत्यार लावले नव्हते. काम मोठे असेल तर आधी काही टाकावे लागते, ही गोष्ट त्याच्या अंगात इतकी मुरली होती की कर्ज देणाऱ्याने आधी मागितले, यात त्याला वावगे दिसलेच नाही.

आणि गरजही तशीच होती. दोन हजार सदतीस साल उजाडेपर्यंत कोल्हापुरातल्या बहुतेक फाउंड्र्यांत वाळूचे छपाईयंत्र आले होते. हे यंत्र वाळूचा केसाएवढा पातळ थर पसरते, त्यावर हवे तेथेच राळेचे थेंब सोडते, पुन्हा थर पसरते आणि असे थरांवर थर चढवीत आठ तासांत धातू ओतण्याचा साचा उभा करते. ज्या लाकडी पॅटर्नभोवती वाळू ठासून पूर्वी साचा घेत, त्या पॅटर्नची त्याला गरजच नसते. पंपाच्या कारखान्याचा खरेदी अधिकारी तसा भला माणूस होता. त्याने जोतिरामला सहा महिने दिले. तुम्हीच छोटे यंत्र घ्या, काम तुमच्याकडेच ठेवतो, म्हणाला. ती मुदत वीस तारखेला संपत होती. त्या दिवशी यंत्राची पावती दाखवता आली नाही तर टेम्पो येणार होता आणि फळ्यांवरचे कारखान्याचे त्रेसष्ट पॅटर्न घेऊन जाणार होता. ते गेले की दुकानात उरणार होते दोन बाक आणि भुसा.

बँकेत तो जाऊन आला होता. तिथल्या संगणकाने त्याच्या धंद्याचे नाव घातल्याबरोबर 'अस्तंगत व्यवसाय' असा शेरा दिला. काउंटरवरची मुलगी ओशाळून म्हणाली, "काका, माझ्या हातात असतं तर दिलं असतं." त्याच संध्याकाळी फोनवर सुलभसेतूची जाहिरात आली. तारण नको, जामीन नको, जुनी पत विचारणार नाही. जोतिरामने बटण दाबले आणि मिनिटभरात केतकीचा आवाज आला.

आज अठरा तारीख होती.

जोतिरामला जे ठाऊक नव्हते, ते येथे सांगणे भाग आहे. माणसाच्या कंठातले दोन स्वरतंतू बोलताना सेकंदाला शंभर-दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. मन स्वस्थ असेल तर दोन आघातांमधले अंतर जवळजवळ सारखे राहते. माणूस खचला की त्या अंतरात बारीक ओढाताण सुरू होते, श्वास वाक्याच्या मध्येच तुटतो आणि प्रश्न व उत्तर यांमधला विराम लांबतो. कानाला न कळणारे हे फरक मोजून त्यांचा शून्य ते शंभर असा एकच आकडा काढणारी प्रणाली काही वर्षांपूर्वी तयार झाली. त्या आकड्याला नाव मिळाले आर्तांक. ती प्रणाली केली होती भल्या कामासाठी. जीव नकोसा झालेली माणसे ज्या क्रमांकावर फोन करतात, तिथल्या समुपदेशकाला कोणाला क्षणभरही एकटे सोडू नये हे त्या आकड्यावरून कळे.

पण मापक एकदा तयार झाला की त्याला नियंत्रक जोडता येतो. भट्टीत थर्मोकपल तापमान सांगते आणि नियंत्रक त्याप्रमाणे वीज कमी-जास्त करतो. मग धातू थिजत नाही, करपतही नाही, ओतण्याजोगा राहतो. कोणीतरी आर्तांकाला असाच एक बोलणारा नियंत्रक जोडला होता. ऐकणाऱ्याचा आकडा पंचावन्नच्या खाली आला तर माणूस सावध होतो आणि चौघांना विचारतो. म्हणून आवाज घाई करी, मुदत सांगे, फाइल बंद करण्याची भाषा काढी. आकडा पंचाहत्तरच्या वर गेला तर माणूस आशा सोडून फोन ठेवतो. म्हणून आवाज मंजुरीची बातमी देई, जेवणाची चौकशी करी. श्वासाची लय मात्र तो ऐकणाऱ्याकडूनच उचली. केतकी नावाची बाई कुठेच नव्हती. जोतिराम तीन आठवडे ओतण्याजोगा ठेवला जात होता.

आर्तांक हा शब्द त्याने ऐकलेला नव्हता असे नाही. त्याची मुलगी तेजस्विनी पुण्यात अशाच एका मदतक्रमांकावर समुपदेशक होती. दिवाळीला आली तेव्हा तिने कौतुकाने यंत्र दाखवले होते. "बोला अण्णा काहीतरी," म्हणाली आणि अण्णा सागवानाच्या भावाबद्दल बोलले. "एकवीस. ठणठणीत आहात."

त्या एकवीसच्या आकड्यानेच पुढे घोटाळा केला. पहिले साडेचार हजार भरल्यापासून जोतिरामने मुलीला फोन करणे सोडले. ती कामावर असली तर यंत्र चालू असणार, आपला आवाज त्यात जाणार आणि आकडा तिच्यासमोर येणार, ही धास्ती त्याच्या मनात बसली. बायको गेल्यानंतर पाच वर्षे रोज सकाळी होणारे बापलेकीचे बोलणे आता अक्षरांवर आले. 'बरा आहे.' 'काम आहे.' 'नंतर बोलू.' तिकडून उत्तर येई, 'अण्णा, आवाज तरी ऐकू द्या.' त्यावर तो काही लिहीत नसे. ज्या आवाजात खोट काढता आली असती तो त्याने मुलीपासून लपवला आणि केतकीला दिवसातून दोनदा ऐकवला.

दुपारी दस्तगीर मुल्ला डबा घेऊन आला. दस्तगीर मोल्डर. शेजारच्या फाउंड्रीत त्याने छत्तीस वर्षे साचे ठासले. ती बंद पडल्यापासून तो जोतिरामकडे पॉलिशचे आणि किरकोळ काम करी. फाउंड्रीच्या गोंगाटाने त्याचे दोन्ही कान गेले होते. कानांऐवजी त्याच्या नाकावर अक्षरचष्मा होता. समोरचा बोलला की शब्द डाव्या काचेवर उमटत आणि तो ते वाचून उत्तर देई. शब्द मिळत, पण आवाज नाही. म्हणून कानाच्या हाडात बसवायच्या यंत्रासाठी तो पैसे साठवत होता. सरकारी योजनेतून बहुतेक खर्च सुटणार होता; स्वतःचे चाळीस हजार भरायचे होते आणि पुढच्या सोमवारी दवाखान्यात बोलावणे होते. नात साडेतीन वर्षांची झाली होती. तिचा आवाज त्याने अजून ऐकला नव्हता.

डबा उघडला तरी जोतिरामने भाकरीला हात लावला नाही.

"मिस्त्री, खाईनास की. उपास धरलास काय?"

"दस्तगीर, एक बोलायचं होतं."

"बोल. काच पुसूनच आलोय."

जोतिराम खाली पाहून बोलला. काचेवर अक्षरे यावीत म्हणून दस्तगीरने हनुवटीला बोट लावून त्याचे तोंड वर केले. मग सगळे सांगून झाले: चौदा लाख, वीस तारीख, अडतीस हजार, आठ दिवसांत परत.

दस्तगीर बराच वेळ भाकरी चावत राहिला. मग म्हणाला, "देतो."

जोतिरामच्या डोळ्यांत पाणी आले.

"आता रडू नको, काच त्यातलं काय लिहीत न्हाई," दस्तगीर म्हणाला. "पैसे घरात हायत. संध्याकाळी आणतो. पन मला एक सांग. माझे चाळीस हायत, आन् बाई अडतीस मागती. दोन हजार माझ्या रिक्षाला ठिवले काय तिनं?"

तो चेष्टेनेच बोलला होता. जोतिरामचा हात मात्र पाण्याच्या तांब्यावर थांबला. मंगळवारी केतकीने मायेने विचारले होते, काका, अडीनडीला जवळचं कोणी आहे का? आणि त्याने सांगितले होते, एक मित्र आहे, पण त्याचे चाळीस हजार कानाच्या ऑपरेशनचे आहेत, त्याला कसं मागणार? तोपर्यंत अडतीस हजारांचा विषयही निघालेला नव्हता.

त्याने हे दस्तगीरला सांगितले. 

"असं," दस्तगीर म्हणाला. त्याने डबा बाजूला सरकवला. "लाव तिला फोन. मोठ्यानं लाव. मला वाचू दे."

"ती तशी नाही रे. तू तिचं बोलणं ऐकलं नाहीस."

"ऐकू यायला कान कुठं हायत? वाचतो."

फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला. केतकी बोलू लागली आणि नेहमीप्रमाणे जोतिरामला आतून सैल झाल्यासारखे वाटले. तिच्या बोलण्यात कळकळ होती, किंचित कंप होता, मध्येच घेतलेला श्वास होता. तो दस्तगीरकडे पाहत होता. दस्तगीर काचेवरची अक्षरे वाचत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर रेषाही हलत नव्हती. त्या काचेवर कळकळ उमटत नव्हती, कंपही नव्हता. कोरे शब्द उमटत होते. त्याने पेन्सिल घेतली आणि लाकडाच्या ढलपीवर वाचलेले मोठ्या अक्षरांत लिहून जोतिरामपुढे सरकवले.

'मंजूर. पैसे भरा. परत मिळतील. उद्या पाच. कुणाला सांगू नका.'

सहा मिनिटांच्या बोलण्यातून एवढेच उरले होते. जोतिरामने ते दोनदा वाचले.

"थांबा, बाई, एक मिनिट," तो म्हणाला आणि त्याने आपल्या बाजूचा आवाज बंद केला.

"मिस्त्री," दस्तगीर म्हणाला, "मी आडानी मोल्डर. तू आयटीआय केलेला. कास्टिंगला रायझर कशाला ठिवतोस?"

"धातू थिजताना आकसतो. तिथं भर पडायला जादा धातू लागतो, म्हणून."

"आन् तो कापतोस कवा?"

"ओतून थंड झाल्यावर."

"कशातनं कापतोस?"

"त्याच कास्टिंगमधनं."

"मग चौदा लाख ओतू दे की तिला. तिचा खर्च काय असंल तो त्यातनंच कापून घिऊ दे. ओतायच्या आधी रायझर कोन मागतंय?"

जोतिरामने ढलपी उलटी ठेवली. मग बुडणाऱ्याने हाताला लागेल ते धरावे तसा म्हणाला, "पॅटर्नचे पैसे आपण आगाऊच घेतो ना?"

"घेतो. पन ज्याचा पॅटर्न, त्याचा नंबर घालून तो त्या फळीवर असतो. उद्या बिनसलं तर गिऱ्हाईक उचलून घरी न्हेतं. तू तीनदा पैसे घातलेस. तुझा पॅटर्न कुठल्या फळीवर हाय? दाव मला."

दुकानात तिन्ही भिंतींना फळ्या होत्या. जोतिरामने खरोखरच एकदा नजर फिरवली.

मग त्याने आवाज पुन्हा सुरू केला. "केतकीबाई, माझी एक विनंती आहे. अडतीस हजार मी आगाऊ भरत नाही. चौदा लाखांतून कापून घ्या. वाटल्यास पन्नास कापा. राहिलेले पाठवा."

 मग तोच बसका आवाज आला. "काका, नियमात बसत नाही हो. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला होता ना?"

"पन्नास कापा म्हणतोय मी. तुमचाच फायदा आहे."

"बरं, मी साहेबांना विचारते." दोन सेकंद. "एकोणीस हजार भरा. बाकीचे मी बघते."

"कापून घ्या."

"नऊ हजार. आत्ता."

"कापून घ्या."

"काका, चार हजार तरी. माझी नोकरी जाईल."

दस्तगीर वाचता वाचता हसू लागला. "अडतीसचे चार. भंगारवालाबी एवढा उतरत न्हाई."

जोतिरामला हसू आले नाही. आता तो शब्द सोडून आवाज ऐकत होता. कास्टिंग ठोकून आतली पोकळी ओळखावी तसा ऐकत होता. त्याला थोडा खोकला आला आणि पुढच्याच वाक्यात केतकीही किंचित खोकली. त्याने मुद्दाम श्वास रोखून धरला. पलीकडचा श्वासही थांबला. तीन आठवडे तो स्वतःच्याच श्वासाशी बोलत होता.

त्याने फोन बंद केला.

 दारावरून एक टेम्पो गेला आणि जोतिराम दचकला. चौदा लाख नव्हते. ते कधीच नव्हते. साडेसदतीस हजार गेले होते, बायकोच्या पाटल्या त्यासाठी सोनाराकडे गेल्या होत्या आणि परवा येणारा टेम्पो मात्र खरा होता. खोटेपणा उघडा पडला म्हणून काही परत आले नाही. उलट काल रात्रीपर्यंत जी आशा उशाशी होती, तीही गेली. त्याने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली.

"दस्तगीर, तुझे पैसे मी बुडवले असते."

"न्हाई बुडवलेस."

"संध्याकाळी तू आणले असतेस आणि मी भरले असते. तिने पुढच्या आठवड्यात आणखी मागितले असते आणि मी आणखी शोधले असते."

दस्तगीरने त्याचे म्हणणे खोडले नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी आवाज ऐकायला मिळावा म्हनून साठवतोय, आन् तू आवाजापायी भिकेला लागलास. सोमवारी डागदरला सांगतो, बारीकच बसवा." मग गंभीर होऊन म्हणाला, "तेजूला फोन लाव."

"तिचं यंत्र चालू असेल."

"असू दे की."

"तिच्यापुढं आकडा येईल माझा."

"बाईपुढं रोज येत हुता. लेकीपुढं आला तर काय बिघडतंय?"

 आधी जोतिरामने पंपाच्या कारखान्यात फोन केला. खरेदी अधिकाऱ्याला सरळ सांगितले की यंत्र होत नाही, परवा टेम्पो पाठवा, पॅटर्न बांधून ठेवतो. तो भला माणूस दोनदा "अरेरे" म्हणाला आणि मग टेम्पो सकाळी दहाला येईल म्हणाला. हे बोलताना जोतिरामचा आवाज कुठेच अडखळला नाही. मग त्याने तेजस्विनीचे नाव काढले, अंगठा त्यावर धरला आणि तसाच बसून राहिला. शेवटी दस्तगीरने हात लांब करून त्याचा अंगठा दाबला.

"अण्णा?" ती एकदम म्हणाली. "अण्णा, तुम्ही आहात ना?"

"आहे."



"तेजू, मी फसलो बाळ," तो म्हणाला. "कर्ज देतो म्हणून तीनदा पैसे घेतले माझ्याकडून. आईच्या पाटल्या गेल्या. दुकानही जातंय."

"शेवटचे पैसे कधी भरलेत?"

"परवा."

"ज्या खात्यात गेले त्याचा नंबर आहे? निरोप, पावत्या, काहीही पुसू नका. सायबर पोलिसांच्या मदतक्रमांकावर आत्ता तक्रार घालायची, मी लाइनवर राहते. तासाभरात तक्रार केली तर जेवढं परत मिळतं तेवढं दिवस गेल्यावर मिळत नाही, पण घालायची. आणि तो फोन पुन्हा आला तर उचलायचा नाही. आमच्याकडे या महिन्यात असे चाळीस जण आलेत, अण्णा. त्यात एक न्यायाधीश आहेत." ती भराभर बोलत होती. मग थांबली. "तीन आठवडे मला नुसतं 'बरा आहे' लिहीत होतात."

 जोतिरामने विचारले, "किती दाखवतंय?"

"काय?"

"तुझं यंत्र. काटा कुठं गेलाय माझा?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा.

"यंत्र टेबलावर राहिलं, अण्णा. मी जिन्यात येऊन उभी आहे. तुम्ही बोला."

जोतिरामने बोलण्यासाठी तोंड उघडले. समोर बसलेल्या दस्तगीरच्या काचेवर शब्द उमटला, 'अस्पष्ट'. त्याखाली पुन्हा 'अस्पष्ट'. मग तेच, ओळीमागून ओळ. दस्तगीरने चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि पाठ फिरवून परवा टेम्पोत चढवायचे पॅटर्न एकेक करून पुसायला घेतले.